बिनठिपक्याची सीडी

“पंखा तुटस,” निंबा नाना म्हणाले आणि त्यांनी पिशवीतली सीडी काढून काउंटरवर ठेवली.

कामिनीने मान वर करून आपल्या दुकानातला पंखा पाहिला. धुळीने काळा पडलेला, पण बिचारा फिरत होता.

“आठला नही, पोरी. शीडीमधला. ज्योत्स्ना पोथी वाचस ना, तिना मांगे पंखा फिरस. फिरता फिरता मधमाच तुटस. मंग परत फिराले लागस.”

नानांच्या काठीचं दुसरं टोक धरून त्यांची बायको बेबाबाई उभी होती. बाजाराचा दिवस होता, तिच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती. “मी त्यासले कवयनी सांगी ऱ्हायनू,” ती म्हणाली, “सुरतले लाईट जात व्हई. पन त्या आयकतस कोठे.”

“लाईट गयी ते पंखा हळूहळू थांबस,” नाना म्हणाले. “हाऊ कापेल शे.”

कामिनीच्या जिभेवर उत्तर नेहमी तयार असे. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी त्याचा प्लेअर कोणत्या कंपनीचा, किती जुना आणि काय खोड काढतो हे ती सांगत असे. आज मात्र तिने आधी माऊस उचलला, पुसला, परत ठेवला.

“कुकरच्या शिट्ट्या असतात नाना, रिक्षांचे हॉर्न असतात,” ती म्हणाली. “ते मी काढून टाकते. पोथीच्या मध्ये कुकर बरा वाटतो का?”

“मना डोया गयात,” नाना शांतपणे म्हणाले, “कान नही गयात. पुढली शीडी जशी येस तशी दे. धुई-पुसी नको.”

एवढं बोलून ते वळले. बेबाबाईने काठी धरली आणि दोघं पायरी उतरून बसस्टँडच्या दिशेने गर्दीत मिसळले. कामिनी बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

अमळनेरच्या बाजारपेठेत ‘दिपमाला ऑडिओ’ ही पाटी अजून शाबूत होती आणि पाटीखाली कामिनीही. पूर्वी दुकानभर कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, मग एका सीडीत दीडशे गाणी कोंबणारं एमपीथ्री आलं. तेव्हा लग्नसराईत लोक रांगा लावत. मग पेन ड्राइव्ह कानामागून आला आणि तिखट झाला, आणि त्याच्या मागून मोबाइल. नवऱ्याने, कुंदनने, दुकानाचा पुढचा भाग मोबाइलच्या कव्हरांनी आणि चार्जरांनी भरून टाकला. मागच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, सीडी जाळायचा, म्हणजे कोऱ्या सीडीवर आवाज भरायचा ड्राइव्ह आणि कामिनी, एवढं उरलं. कुंदन रोज विचारायचा, “आता सीडी कोण ऐकतं?” कामिनी रोज सांगायची, “ज्याच्या घरी प्लेअर आहे तो.”

आणि तशी माणसं होती. डोंगराकडच्या गावांत जिथे मोबाइलला रेंज नाही तिथली, ट्रॅक्टरवाली, हट्टी म्हातारी. एखाद्याचा प्लेअर नावात मराठी अक्षरं आली की चौकोन दाखवायचा, एखाद्याचा जड फाइल आली की उचकी लागल्यासारखा वाजायचा. कामिनीला सगळ्यांची दुखणी पाठ होती. कोणाला हलकी फाइल करून द्यायची, कोणाची सीडी अगदी सावकाश जाळायची, हे ती विचारत नसे. तिचं काम बिघडून परत आलं, असं बाजारपेठेत कोणी म्हणून दाखवावं.

निंबा नानांचं काम मात्र सगळ्यांत निराळं होतं. श्रावणात गावच्या ओट्यावर पोथी वाचायची ती नानांनीच, असा त्या गावचा शिरस्ता. साखरेच्या आजाराने डोळे गेले तसं वाचणं थांबलं. गावाने दुसरा वाचणारा बसवून पाहिला, पण तो ओव्या अशा पळवायचा की म्हशी गोठ्याकडे निघाल्यासारखं वाटे. तेव्हा सुरतेला दिलेल्या एकुलत्या एका लेकीने, ज्योत्स्नाने, तोड काढली. लहानपणी ती नानांच्या शेजारी बसून पोथी वाचायची, चाल तिच्या कानात होती. ती घरी बसून मोबाइलवर अध्याय वाचायची आणि कामिनीला पाठवायची. व्हॉट्सॲपवरचा तसला आवाज घरच्या प्लेअरला कळत नाही. कामिनी तो एमपीथ्रीत फिरवायची, साफ करायची, ओव्यांच्या टप्प्यांवर तुकडे पाडून सीडी जाळायची. संध्याकाळी ओट्यावर गाव जमायचं. प्लेअर ज्योत्स्नाच्या आवाजात वाचायचा, नाना चाचपून बटण दाबायचे, आवाज थांबायचा आणि नाना अर्थ सांगायचे. परत बटण, परत पोथी.

जावयाने एकदा नानांना मोबाइल आणून दिला होता. नानांनी त्यावर बोट फिरवलं आणि परत केला. “हाई नुसती काच शे,” ते म्हणाले होते. “काचले मी काय इचारू, तुनं बटन कोठे शे?”

कोणती सीडी कितवी हे नानांना कळावं म्हणून कामिनीने सीडीच्या मधल्या भोकाभोवती नेलपॉलिशचे ठिपके द्यायला सुरुवात केली. पहिलीला एक, दुसरीला दोन. ठिपका वाळला की टणक लागतो, बोटाला समजतो. ही युक्ती तिची स्वतःची, आणि तिचा तिला फार अभिमान होता.

कानबाईच्या सणाचे रोट झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा कापावा लागलेला तो अध्याय आला होता.

कामिनीने कानाला हेडफोन लावले होते. ज्योत्स्ना वाचत होती, मागे पंखा घरघरत होता. मग दार आपटलं. पुरुषाचा आवाज आला, झोपेतून उठलेला. मगन, ज्योत्स्नाचा नवरा, यंत्रमागावर रातपाळी करायचा हे कामिनीला माहीत होतं. “बंद कर ते रडगाणं,” तो म्हणाला, आणि त्यापुढे जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. ज्योत्स्ना काहीतरी पुटपुटली. मग एक आवाज आला. कामिनीने आयुष्यभर आवाजांचंच काम केलं होतं, तो कसला हे तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. भांडं घरंगळत गेलं. दार पुन्हा आपटलं. मग बराच वेळ नुसता पंखा. आणि मग ज्योत्स्नाने ती ओवी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली, त्याच चालीत, त्याच आवाजात, जणू मध्ये कोणी पाणी मागून गेलं असावं.

खाली निरोप लिहिलेला होता. “अक्का, मधला भाग काढून टाका.”

कामिनीने काढून टाकला. दुकानाचा एक नियम होता आणि तो तिनेच घातलेला. दुकानात कानावर पडलं ते दुकानातच राहील. लोक मोबाइल देतात म्हणजे घराची किल्लीच देतात. तिने लोकांच्या भाऊबंदकीची भांडणं ऐकली होती, चोरून ठरवलेली लग्नं ऐकली होती, आणि बाजारपेठेत चकार शब्द काढला नव्हता. पण पुढच्या अध्यायात तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्यातही. निरोप तोच यायचा. कामिनी कापत राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्योत्स्ना माहेरी आली नाही तेव्हा बेबाबाई म्हणाली होती, जावईबापूसले सुट्टी नही. सगळ्यांनी मान डोलावली होती, कामिनीनेसुद्धा.

नाना बाजारातून गेले त्या दुपारी तिने ज्योत्स्नाला फोन लावला.

“नानांना कळलंय, मध्ये काहीतरी कापलेलं आहे,” ती म्हणाली.

पलीकडे पंखा घरघरत होता.

“तुम्ही काय सांगितलं?”

“कुकर म्हणून सांगितलं. ते काय कुकर मानणारे आहेत?”

“अक्का, तुमच्या पाया पडते. तुम्ही अजून चांगलं कापा. नानांना कळलं तर ते जेवणार नाहीत. एवढा श्रावण होऊ द्या.”

“आणि श्रावण झाल्यावर?”

“ते उठले,” एवढं म्हणून ज्योत्स्नाने फोन ठेवला.

काउंटरवरून कुंदन ऐकत होता. तो स्वभावाने वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. “आपण सीडीवाले,” तो म्हणाला. “पोलीस नाही, पंच नाही. लेक स्वतः सांगतेय ना, काढून टाका म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ कोणाची आणि झाकायला हात कोणाचा?” कामिनी म्हणाली.

“तू म्हणशील तसं. मी आपलं सांगितलं.”

पुढचा अध्याय आलेला होता. कामिनी कामाला बसली, आणि बसली ती हट्टानेच. पंखा तुटतो म्हणतात काय? तिने त्याच अध्यायाच्या शेवटचा नुसता पंख्याचा तुकडा उचलला आणि कापलेल्या जागी जोडला. कडा एकमेकांत हळूच मिसळल्या. ऐकलं, थोडं सरकवलं, परत ऐकलं. पंखा आता अखंड फिरत होता. मगन नव्हता, भांडं नव्हतं, तो आवाज नव्हता. देव जरी ऐकायला बसला असता तरी त्याला सांधा सापडला नसता. इतकं सफाईदार काम तिने आजवर केलं नव्हतं.

तिने हेडफोन काढून ठेवले आणि तिला स्वतःची किळस आली.

तिने उगीचच धुळ्याला फोन लावला. दिपमाला, तिची लेक, धुळ्यात दिलेली. “काय गं आई, या वेळी?” दिपमाला म्हणाली. कामिनीने पावसाचं विचारलं, भाजीचं विचारलं, नातवाचं विचारलं. लेक सांगत होती, पण कामिनीचं लक्ष लेकीच्या बोलण्यावर नव्हतंच. ती मागचं ऐकत होती. मागे मिक्सर फिरत होता, टीव्हीवर कोणीतरी हसत होतं, जावई मुलाला म्हणत होता, अरे आईला बोलू दे. कामिनी ते सगळं अधाशासारखं ऐकत राहिली.

“आई, काही झालंय का?”

“काही नाही गं. आवाज ऐकायचा होता.”

फोन ठेवून तिने ड्राइव्हमध्ये कोरी सीडी घातली. अखंड पंख्याचा अध्याय जाळला आणि त्या सीडीला नेहमीसारखे ठिपके दिले. मग दुसरी सीडी घातली. तिच्यात तो अध्याय सुरतेहून आला तसाच्या तसा गेला, फक्त एमपीथ्री होऊन. तिला ठिपका दिला नाही.

“अगं, तिने नको सांगितलंय,” कुंदन हळूच म्हणाला.

“आणि नानांनी सांगितलंय, जशी येते तशी दे. दोघंही माझीच गिऱ्हाइकं. दोघांच्याही मनासारखं केलं.”

बोलताना आवाज ठणठणीत होता. पण शटर ओढून घेताना तिने कुंदनला दोनदा विचारलं, मी बरोबर करतेय ना? असं तिने लग्नानंतर कधी विचारलं नव्हतं. कुंदनने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “दुसऱ्याच्या हाती पाठवू नकोस. स्वतः जा.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने कामिनी नानांच्या गावी उतरली. बेबाबाई अंगणात उडीद निवडत होती. नाना आत खाटेवर बसले होते, शेजारी स्टुलावर प्लेअर, त्यावर बेबाबाईने विणलेला रुमाल. कामिनीने बेबाबाईला पाणी मागितलं आणि ती माठाकडे गेल्यावर नानांच्या हातात दोन्ही सीड्या दिल्या. शहरात राहून ती मराठीच बोलत असे, पण त्या वेळी तोंडात आपसूक घरचीच बोली आली.

“नाना, हाई ठिपकासनी शीडी ओटावर लावा. बठ्ठा गावनी आयकाले हरकत नही. आनि जिले ठिपका नही ना, ती फक्त तुमनी.”

नानांनी बिनठिपक्याच्या सीडीवरून बोट फिरवलं. भोकाभोवती एकदा, परत एकदा.

“काय शे ईमा?”

“मी शीडी करस नाना. मी सांगत नही.”

“ज्योत्स्नाले माहीत शे?”

“नही,” कामिनी म्हणाली. खोटं बोलण्याचा दिवस काल संपला होता. “तिनी काढी टाकाले सांगेल व्हतं. आयकानं का नही, तुमीच ठरावा. नको म्हना ते मी परत लई जास.”

नानांनी बिनठिपक्याची सीडी प्लेअरमध्ये सरकवली. मग म्हणाले, “दार लोटी ले.”

कामिनी बाहेर येऊन बेबाबाईशेजारी उडीद निवडायला बसली. आतून ज्योत्स्नाचा आवाज यायला लागला, बारीक केलेला. बेबाबाई म्हणाली, “देख, त्यासले धीर नही. सांजले बठ्ठासमोर आयकतीन, तरी आत्तेच पाहिजे.” कामिनी हं म्हणाली. तिला आतलं सगळं पाठ होतं. आता ओवी, आता दार, आता तो. एवढ्या बारीक आवाजात अंगणात काही कळत नव्हतं, पण तिचे हात सुपात थांबले. मग आतला आवाज पुढे गेला. मग थांबला, आणि पहिल्यापासून परत सुरू झाला. नाना तो भाग पुन्हा ऐकत होते.

तिसऱ्यांदा मात्र लागला नाही.

नाना दार उघडून बाहेर आले ते थेट रांजणाशी गेले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि ओल्या तोंडानेच उभे राहिले. “काय व्हयनं?” बेबाबाईने विचारलं. “गरम व्हई ऱ्हायनं,” नाना म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “कामिनीले च्या कर. ती आज पोथी आयकीसन जाई.”

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. प्लेअर बाहेर आणून ठेवला होता. नानांनी मांडीवरच्या सीड्यांवरून बोट फिरवलं तेव्हा कामिनी बसल्या जागी पुढे सरकली. ठिपके लागले तशी ती सीडी त्यांनी आत सरकवली आणि बटण दाबलं. ज्योत्स्ना वाचू लागली. त्या जागेवर आली. पंखा अखंड फिरत राहिला आणि ओवी पुढे गेली. एवढ्या लोकांत त्या तुकड्याखाली काय पुरलंय हे फक्त दोघांना माहीत होतं. नानांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

अध्याय संपला. लोकांनी हात जोडले. नानांनी मात्र हात वर करून सगळ्यांना बसवून ठेवलं.

“आते समाप्ती जवळ उनी,” ते म्हणाले. “आपला शिरस्ता काय शे? ज्यानी पोथी वाची, त्यानीच समाप्तीले बसानं. नहीते पारायण पुरं व्हत नही. बरोबर शे का नही?”

“बरोबर शे,” म्हातारे म्हणाले.

“मंग यंदा वाचणारी कोन शे?”

“आपली ज्योत्स्ना,” चारसहा जण एकदम म्हणाले.

नानांनी खिशातून बटणांचा फोन काढला, चाचपून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून मगन बोलला. नानांचा सूर इतका गोड होता की कामिनीच्या अंगावर काटा आला.

“जावईबापू, निंबा बोली ऱ्हायनू. ओटावर बठ्ठा गाव बशेल शे. समाप्तीले ज्योत्स्ना पाहिजे. देवनं काम शे.”

“नाना, इथं घरचं कोण करणार? मला तर सुट्टीच मिळत नाही.”

“तुमी नका येऊ. तुमना कामले आमी कशाले अडथळा करूत? आमी दोन्ही लेवाले येतस. गाव आयकी ऱ्हायनं, बापू. हो म्हना.”

ओट्यावरचं कोणी खोकलंसुद्धा नाही. त्यांना वाटत होतं, आपण पोथीसाठी थांबलोय.

“बरं,” मगन शेवटी म्हणाला. “घेऊन जा.”

लोक खूश होऊन उठले. कोणी भंडाऱ्याचं बोलू लागलं, कोणी मंडपाचं. नाना फोन खिशात घालत होते, पण त्यांना खिसा सापडत नव्हता. कामिनीने पुढे होऊन तो घालून दिला.

रात्री घरी पोचेपर्यंत तिच्या मोबाइलवर निरोप येऊन पडला होता. “अक्का, तुम्ही नानांना सांगितलं?”

कामिनीने उत्तर लिहिलं, “मी काही सांगितलं नाही. मी कापलं नाही.”

ज्योत्स्नाने ते वाचलं, पण उलट काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. उरलेले अध्याय आले तेव्हा त्यांच्याखाली निरोप नव्हता. कामिनीने त्यांना हात लावण्यापूर्वी ऐकलं. मागे पंखा होता, खाली भाजीवाला ओरडत होता, बाकी काही नव्हतं. दार कोणी आपटलं नाही. तरी वाचणारीचा आवाज तुटक होता, आणि त्याच्यावर कामिनीकडे उपाय नव्हता. पोरीचा विश्वास आपण मोडला हे तिला कळत होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडू, हेही कळत होतं. या दोन गोष्टी एकाच पोटात घेऊन ती कव्हरं विकणाऱ्या नवऱ्याशेजारी बसून राहिली.

नाना आणि बेबाबाई सुरतेच्या गाडीत बसले त्या दिवशी स्टेशनवर कुंदन गेला होता. परत आली त्या दिवशीही तोच गेला, ओळखीची रिक्षा घेऊन. “नुसतं ओझं उचलायला जातोय,” तो म्हणाला होता. दुकानात परतला तेव्हा शर्टाला ऑइलचे डाग होते.

“हे काय?” कामिनीने विचारलं.

“शिलाई मशीन,” कुंदन म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. “पायाने चालवायचं, लोखंडी. पोरगी सुरतेला ब्लाउज शिवायची ना. डब्यातून उतरवताना आम्हा दोघा-तिघांची कंबर मोडली. नाना म्हणत होते, जपून, जपून.” मग त्याचं हसू मावळलं. “चार दिवसांच्या समाप्तीला कोणी शिलाई मशीन आणतं का गं?”

“नाही,” कामिनी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. ती क्वचित रडे, आणि रडली तर लपवत नसे.

समाप्तीला कामिनी आणि कुंदन दोघंही गेली. ओटा धुऊन काढलेला होता. प्लेअर भिंतीशी होता, वर रुमाल घातलेला. त्याच्याच शेजारी नानांनी आणून ठेवायला लावलेलं मशीन उभं होतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे एकदा पाहून घेत होता. कोणी काही विचारत नव्हतं. गावाला जेवढं कळायचं तेवढं त्या मशीनकडे बघून कळलं होतं, आणि नानांनी शब्दसुद्धा खर्च केला नव्हता.

ज्योत्स्ना पाटावर बसली. कामिनीने तिला आज पहिल्यांदा नीट पाहिलं. इतके दिवस ती फक्त आवाज होती. अंगाने बारीक, कपाळावर मोठं कुंकू, डाव्या कानाशी पदर ओढून घेतलेला. तिने लोकांवरून नजर फिरवली, ती कामिनीवर आली आणि तशीच पुढे गेली. कामिनीने ते सोसलं.

वाचन सुरू झालं. हेडफोनमध्ये ऐकलेल्या आवाजामागे आता चार भिंती नव्हत्या, पंखा नव्हता. वर आभाळ होतं आणि कडुलिंबाच्या झाडात चिमण्या. नाना शेजारी बसून मान डोलवत होते. सवयीने त्यांचं बोट मांडीवर बटण शोधत होतं.

अध्याय अर्ध्यावर आला आणि कुणाच्या तरी घराचं दार वाऱ्याने आपटलं.

ज्योत्स्ना थांबली. ओवी अर्धी राहिली. तिचे खांदे वर आले, मान आत गेली, बोट पोथीवर तसंच रुतून राहिलं. ओट्यावर कोणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, बाई दमली असेल. एक पोरगी पाणी आणायला उठली, बेबाबाईने तिला हाताने खाली बसवलं. कामिनीचा उजवा हात तिच्या नकळत मांडीवर सरकला, माऊसवर सरकायचा तसा. अशा रिकाम्या जागा तिने जन्मभर कापल्या होत्या. आता ती जागा वाढत चालली होती आणि सगळं गाव तिच्यात बसून होतं. कामिनीने हाताची मूठ केली आणि ती तशीच राहू दिली.

“वाच, बेटा,” नाना म्हणाले. “आठे तुले कोनी बोलाव नही.”

ज्योत्स्नाने नानांकडे पाहिलं. मग कामिनीकडे पाहिलं, आणि या वेळी नजर पुढे गेली नाही. खांदे हळूहळू खाली आले. तिने बोट उचललं, ओळीवर परत ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. ओवी तिने पहिल्यापासून घेतली नाही. जिथे तुटली होती, त्याच्या पुढच्या शब्दापासून घेतली.